मुक्या यंत्राची निगा



बैलास तहान लागली म्हणजे तो मान वळवून धन्याकडे पाहतो. पॉवर टिलरास तसे करिता येत नाही. एंजिनातील तेल कमी झाले तरी तो बहुधा चालतच राहतो, आणि अखेर आतले भाग झिजून, तापून जाम होतात. म्हणून जे मुके आहे त्याची चिंता आपणच वाहिली पाहिजे.

हे काम फार मोठे नाही. यंत्र सुरू करण्यापूर्वी ते सपाट जागी ठेवून तेल पाहावे. पुष्कळ लहान पेट्रोल एंजिनांत पहिले तेल २० तासांच्या कामानंतर व पुढे दर १०० तासांनी बदलावयाचे असते. एअर फिल्टर ५० तासांनी, आणि धुळीच्या रानात त्याहून लवकर, साफ करावा. पात्यांना गुंडाळलेले गवत काढण्याआधी एंजिन बंद करून प्लगची तार सोडावी. घाईत गेलेली बोटे परत येत नाहीत. हंगाम सरल्यावर टाकी रिकामी करावी, कारण शिळे पेट्रोल कार्ब्युरेटरात चिकटून बसते.

कित्येक गावी एकच यंत्र अनेक घरे वापरतात. आपण हयगय केली तर तिचे फळ ऐन पेरणीत पुढच्या घरास भोगावे लागते. शेजाऱ्यावरील आपली प्रीती किती खरी, हे उपासनेतील आपल्या गायनापेक्षा आपण परत केलेल्या यंत्रावरून अधिक कळते. तर पाती धुऊन, तेल पाहून, आणि काही बिघडले असल्यास ते न लपविता सांगून यंत्र परत द्यावे. मनुष्यांस न दिसणारी ही सेवा देवास दिसते.