रांगडा : एका शब्दाची माळव्यापासून मळ्यापर्यंतची वाट

फेब्रुवारीत चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारला जातो, तेव्हा व्यापारी ट्रॉलीतले वरचे चार कांदे हाताने बाजूला सारतो आणि आतला एक उचलतो. अंगठ्याने त्याची मान दाबून बघतो, तळहातावर चोळून पत्ती सुटते का ते पाहतो. "रांगडाच ना, आबा?" तो विचारतो. "रांगडाच हाये, शेठ. उळं भादव्यात टाकेल व्हतं," आबा सांगतात. तेवढ्यावर भाव पुढे सरकतो.

बाहेरच्या माणसाला यात काही कळत नाही. 'रांगडा' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे तालमीतला गडी येतो, पिळदार मिश्या येतात, मोठ्याने बोलणारा सिनेमातला नायक येतो. चांदवड, देवळा, येवला, नांदगाव या पट्ट्यात मात्र रांगडा हे एका हंगामाचं नाव आहे. पावसाळी पोळ कांदा दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो आणि उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो. या दोहोंच्या मधला कांदा तो रांगडा. याचं उळं, म्हणजे बी, ऑगस्ट-सप्टेंबरात वाफ्यावर पडतं, ऑक्टोबरच्या सुमाराला रोपांची लागण होते आणि जानेवारी ते मार्च काढणी चालते.

कृषी खात्याच्या कागदावर पिकांचे मुख्य हंगाम दोन, खरीप आणि रब्बी. दोन्ही शब्द अरबी आहेत. खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. शेतसाऱ्याच्या हिशेबासाठी मुसलमानी अमलात ते आपल्याकडे रुजले, पुढे इंग्रजांनी आणि आपणही तसेच चालवले. सारा वसूल करायला दोन खण पुरेसे होते. पण नाशिकच्या पूर्वेकडचा शेतकरी या दोन खणांच्या मधोमध पीक घेत होता आणि त्याला नाव दिल्यावाचून त्याचं भागत नव्हतं. कार्यालयाची भाषा जिथे गप्प होती, तिथे त्याने आपल्या बोलीतला शब्द ठेवला. आज 'फुले समर्थ' किंवा 'बसवंत 780' या वाणांच्या शिफारशीत 'खरीप आणि रांगडा हंगामासाठी' असं छापलेलं असतं, आणि इंग्रजी शोधनिबंधांतही शास्त्रज्ञ रोमन लिपीत तोच शब्द लिहितात. गावाने शास्त्राला शब्द पुरवल्याचं हे उदाहरण आपल्याकडे जितक्या अभिमानाने सांगायला हवं, तितकं सांगितलं जात नाही.

शब्दाचं पूर्वायुष्य मात्र वेगळं आहे आणि ते फारसं गोड नाही. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रव्यवहारात उत्तरेकडच्या रजपुतांना 'रांगडे' म्हटलेलं आढळतं. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1908 सालच्या खंडात माळवी बोलीचं रजपुतांत चालणारं रूप 'रांगडी' या नावाने नोंदलेलं आहे. पंजाब-हरियाणाकडे 'रांघड' हे मुसलमान रजपुतांच्या एका समाजाचं नाव आहे. रण आणि गड अशी फोड करून या नावाला शौर्याचं मूळ जोडणारेही आहेत. मला ती फोड मागाहून सुचलेली वाटते, कारण ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही त्यांना नाव ठेवणारे लोक त्यांच्या शौर्यावरून ते क्वचित ठेवतात. माळव्यात शिरलेल्या मराठी फौजेला तिथली भाषा खडबडीत वाटली, माणसं हट्टी वाटली, आणि एका समाजाचं नाव मराठीत हळूहळू विशेषण होऊन बसलं. ओबडधोबड, धसमुसळा, शिष्टाचार न जाणणारा हे त्याचे अर्थ त्या नजरेतून आले, असं माझं मत आहे.

चांदवडला बसून याचा विचार करताना नजर आपोआप रंगमहालाकडे जाते. (या रंगाचा रांगड्याशी काही संबंध नाही. आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती रचण्याचा मोह टाळावा.) कोरीव लाकडी खांबांचा आणि भिंतीवरच्या चित्रांचा हा होळकरांचा वाडा अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जातो. 1767 ते 1795 अहिल्याबाईंनी महेश्वराहून माळव्याचा कारभार केला. चांदवडहून मालेगाव-धुळ्यावरून सातपुडा ओलांडत माळव्यात जाणारी वाट म्हणजे आजचा मुंबई-आग्रा महामार्ग. 1818 च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख होळकरांच्या हातून गेला, तोवर या वाटेवरून शिपाई, कारकून, हुंड्या, बैलांचे तांडे यांची ये-जा सतत होती. चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी रुपया चालत होता तो याच काळात. माणसं आणि नाणी ज्या रस्त्याने फिरतात, त्याच रस्त्याने शब्दही फिरतात. माळव्याच्या माणसांसाठी मराठ्यांनी वापरलेला शब्द माळव्याच्या वाटेवरच्या गावात रोजच्या बोलण्यातला व्हावा, यात नवल नाही.

पण मग तो कांद्याला का चिकटला? माझ्या मते उत्तर कांद्याच्याच अंगात आहे. पोळ कांदा पावसात वाढतो, करप्याने खंगतो, आकाराने बेताचा राहतो. रांगड्याला थंडी आणि कोरडी हवा मिळते, त्यामुळे तो भराभर पोसतो, वजनाला भरतो आणि एकरी उतारा पोळ कांद्यापेक्षा चांगला देतो. मात्र हवेतल्या चढउतारांनी तो बिथरतो. एका पोटात दोन कांदे होतात, त्याला जोड म्हणतात. मधेच फुलाचा दांडा निघतो, तो डेंगळा. डेंगळ्याचा कांदा आतून पोचट होतो आणि व्यापारी तो बाजूला टाकतो. शिवाय हा कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरून दिवाळीपर्यंत राखता येतो, रांगडा मात्र काढला की थोड्याच दिवसांत विकावा लागतो. धट्टाकट्टा, बेशिस्त आणि थांबायला तयार नसलेला असा हा माल आहे. विशेषण त्याला अंगरख्यासारखं बसलं.

तो या तालुक्यात इतका का होतो, हे पाण्यावरून कळतं. निफाडकडे कालव्याचं पाणी आहे, तिथे उन्हाळ कांद्याला मार्चपर्यंत पाणी पुरतं. चांदवड पर्जन्यछायेतला तालुका. इथल्या कितीतरी विहिरी संक्रांतीनंतर तळ दाखवू लागतात. त्याआधी हाती लागेल असं पीक घ्यायचं तर रांगडा हाच आधार. बोलीचे नकाशे काढणारे अभ्यासक उच्चारांच्या सीमा आखतात, पण या शब्दाचा वापर कुठे दाट आहे ते पाहायचं असेल तर विहिरींची पातळी पाहावी.

शहरी मराठीत या शब्दाने दुसरं वळण घेतलं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणाला रांगडा म्हणणं म्हणजे त्याचा पाणउतारा होता. आता वर्तमानपत्रात 'रांगडी बोली', 'रांगडा अभिनय' हे कौतुकाचे शब्द झाले आहेत. हे कौतुक मला पुरतं मानवत नाही. कोल्हापूरची, खान्देशची, मराठवाड्याची आणि चांदवडची बोली एकमेकींपासून कितीतरी वेगळी आहे. त्या सगळ्यांना एकच 'रांगडी' शिक्का मारला की ऐकण्याचे कष्ट वाचतात. माळव्यातल्या फौजेने जे केलं तेच आपण हसतमुखाने करतो.

इंग्रजीत जोसेफ राइटने 1898 ते 1905 या काळात सहा खंडांचा बोलींचा शब्दकोश काढला. हा माणूस यॉर्कशरचा. लहानपणी गिरणीत कामाला होता आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. बोलीतले शब्द त्याने दुरून न्याहाळले नाहीत, ते बोलतच तो वाढला होता. आपल्याकडे दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या सात खंडांनी 1932 ते 1938 या काळात असंच अफाट काम केलं, शब्दांपुढे खान्देशी, वऱ्हाडी अशा खुणा घातल्या. त्या कामाबद्दल मनात आदर आहेच. पण त्यानंतरच्या नव्वद वर्षांत शेतात वापरात आलेला आणि बाजारात पक्का झालेला अर्थ कोण नोंदवणार?

ही नुसती कोशकारांची हौस नाही. फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये भाव कोसळल्यावर राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केलं, ते लेट खरीप लाल कांद्यासाठी. 'लेट खरीप' म्हणजे रांगडाच, पण या शब्दात पीक उशिराचं ठरतं. शेतकऱ्याच्या लेखी ते वेळेवरचं असतं. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती 4 मे 2024 ला उघडली. आदेशात फक्त 'कांदा' होता. उन्हाळ कांदावाला चाळीत माल भरून मेपर्यंत वाट पाहू शकत होता. रांगड्याची काढणी नेमकी जानेवारी ते मार्चातली, म्हणजे त्याचा सगळा हंगाम बंदीच्या आत गेला. तो कांदा किती दिवस थांबू शकतो, ही माहिती 'कांदा' या शब्दात नाही, 'रांगडा' या शब्दात आहे. दिल्लीतल्या कुणाला हा शब्द ठाऊक असता तर निर्णय बदलला असता असा माझा दावा नाही. पण नुकसान कुणाचं होणार, हे निदान त्या कागदावर दिसलं असतं.

म्हणून मराठी कोशाच्या पुढच्या आवृत्तीत 'रांगडा' या नोंदीखाली, धसमुसळा, दांडगा या जुन्या अर्थांच्या बरोबरीने, असं छापलं जावं : भाद्रपदात उळं टाकून पौष-माघात निघणारा, जोड आणि डेंगळ्याची खोड असलेला, चाळीत न टिकणारा कांदा, त्या कांद्याचा हंगाम. पुढे कंसात खूण असावी, चांदवड-येवला-नांदगाव. आणि त्याच पानाच्या आगेमागे उळं, डेंगळा, गोल्टी, खाद, पत्ती या शब्दांनाही जागा मिळावी.