पहिला घास नाकारणारं पिल्लू

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून ११ साप ताब्यात घेतले. ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक, सगळे बिस्किटं आणि केकच्या पुड्यांमध्ये दडवलेले. बातमी वाचून कुणाला भीती वाटली असेल, कुणाला किळस. मला मात्र त्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न सोडेना. पुड्यात कोंबून साप आणता येतो, कारण तो उपाशी राहू शकतो. शिकार मिळेल तेव्हा खायचं आणि नाही मिळाली तर शरीर मंद करून दिवस काढायचे, ही त्याची तग धरण्याची रीत. त्याच ताकदीचा माणसाने वाहतुकीसाठी फायदा घेतला.

अशा सापांची हौस आता भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या वस्तीतही समजण्यासारखी आहे. इथे इमारतीला इमारत लागलेली. कुत्रा पाळला तर सोसायटीच्या सभेत विषय निघतो. कॉर्न स्नेक भुंकत नाही, त्याला फिरवायला न्यावं लागत नाही. तो बिनविषारी आहे, केशरी-लाल अंगाचा, देखणा. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. पिल्लू आठवड्यातून साधारण एकदा खातं. ऐकायला किती सोपं!

पण तो ‘एकदा’ येतच नाही, तेव्हा घर हवालदिल होतं. आमच्याच भागातल्या एका घरी असं पिल्लू मी पाहिलं. पेन्सिलीहूनही बारीक, वजन जेमतेम काही ग्रॅम. घरातल्या मुलाने गोठवलेली पिंकी, म्हणजे उंदराचं केस न फुटलेलं गुलाबी पिल्लू, कोमट पाण्यात सैल केली आणि चिमट्याने पुढे धरली. सापाची जीभ बाहेर आली, दोन टोकं हवेत थरथरली, आत गेली. पुन्हा आली. पिल्लाने मान थोडी पुढे केली, पिंकीच्या पाठीजवळ थांबलं, मग बाजूने वळून कागदी पुठ्ठ्याच्या नळीत शिरलं. मुलगा वैतागून म्हणाला, “काकू, नखरे करतोय हा!”

नखरे नव्हते ते. रानातलं कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर बहुधा लहान सरडे आणि झाडावरचे बेडूक खातं. उंदीर हे मोठेपणीचं खाणं. शिवाय त्याला भरवायला कोणी नसतं. आई अंडी घालून निघून जाते. काय खायचं हे ते कुणाकडून शिकत नाही. जिभेवर आलेला वास टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचतो आणि त्यावरून ठरतं, हे भक्ष्य आहे की नाही.

गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर लिहिलं. कधीच काही न खाल्लेल्या सापांच्या पिल्लांपुढे त्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या कातडीचा अर्क लावलेला कापूस धरला. पिल्लं जीभ लपलपवत झेपावली ती मुख्यतः आपापल्या जातीच्या नेहमीच्या भक्ष्याच्या वासावर. पुढे स्टीव्हन अर्नॉल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या एकाच जातीच्या गार्टर सापांचा अभ्यास केला. किनाऱ्यावर शंख नसलेल्या गोगलगायी असतात, तिथल्या सापांची नवजात पिल्लं त्या खात. आतल्या भागात त्या गोगलगायी नाहीत, तिथली बहुतेक पिल्लं त्यांना तोंड लावत नसत. पहिल्या घासाआधीच आवड-नावड अंगात उतरलेली असते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

म्हणून पिल्लू पिंकी नाकारतं तेव्हा ते काहीतरी जाणत असतं. आपल्याला ते दिसत नाही, कारण भरवणं म्हणजे माया, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. चिऊचा घास, काऊचा घास करत आपण मुलाच्या तोंडात भात घालतो आणि सापाशीही तसंच वागू पाहतो. नागपंचमीला गारुड्याच्या तहानलेल्या नागाला दूध पाजण्यामागेही हीच भावना होती. दूध हे सापाचं अन्न नाही. ते त्याला पचत नाही, त्याने तो आजारी पडतो. भक्ती खरी होती, पण नागाची भूक कुणी विचारली नव्हती.

वासाची आवड सोडली, तर पिल्लू न खाण्यामागे बहुतेक वेळा चूक जागेत असते. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. पेटीची एक बाजू २८ ते ३० अंशांच्या आसपास आणि दुसरी थोडी गार हवी. ज्या खोलीत रात्रभर एसी चालतो तिथे खाल्लेलं पोटात तसंच राहतं आणि पिल्लू ते ओकून टाकतं. अंग लपवायला जागा नसेल, दिवसभर कुणी ना कुणी हातात घेत असेल, किंवा डोळे दुधाळ निळसर होऊन कात टाकायची वेळ आली असेल, तरीही ते खात नाही. नवजात पिल्लू तर पहिली कात टाकेपर्यंत सहसा खातच नाही. अशा वेळी रोज नवी पिंकी नाचवल्याने त्याचा ताण वाढतो. चार-पाच दिवस त्याला एकटं सोडणं, हे पाळणाऱ्याला सगळ्यात जड जाणारं आणि सगळ्यात उपयोगी काम.

तरीही नाही खाल्लं, तर अनुभवी लोक पिंकीला पालीचा किंवा सरड्याचा वास लावतात. अनेक पिल्लं तेवढ्यावर झडप घालतात. वासाने त्याला फसवलं, असं वरवर वाटतं. मला वाटतं, तिथे पहिल्यांदा माणूस त्याच्या भाषेत बोलतो. तोंड उघडून बळेच भरवणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही जाणकाराच्या हाताने. इवल्या जबड्याला त्यात इजा होऊ शकते.

एक गोष्ट मला अस्वस्थ करते. जी पिल्लं उंदीर घेतात ती जगतात, वाढतात, त्यांचीच पुढे वीण होते. सरड्यावर अडून बसणारी गळून जातात. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातली वीण चालली की आपण रंगाबरोबर भूकही निवडत जातो, आपल्या फ्रीजला सोयीची.

आणि एकदा खायला लागलेलं पिल्लू पुढे मागत राहतं. मग लवकर मोठं व्हावं म्हणून लोक त्याला जास्त वेळा, जास्त मोठं भक्ष्य देतात. अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढं किंवा त्याहून किंचित मोठं भक्ष्य पुरतं. लठ्ठ साप मी देखणा मानत नाही, आणि तो निरोगीही नसतो.

कॉर्न स्नेकच्या नात्यातला तस्कर साप महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्याचंही पिल्लू पाली-सरड्यांवर वाढतं आणि मोठेपणी उंदरांकडे वळतं. त्याला कुणी वजनकाट्यावर ठेवत नाही. त्याची भूक पाहायची असेल तर त्याला त्याच्या जागी राहू द्यावं.

कॉर्न स्नेक घ्यायलाच निघालेल्याने रंगाची नावं विचारत बसू नये. पिल्लू कुठून आलं, कुणाच्या घरी अंड्यातून निघालं, सलग किती वेळा खाल्लं, काय खाल्लं, ओकलं का, आणि मधल्या काळात त्याचं वजन किती ग्रॅम होतं, हे विचारावं. नोंदी दाखवायला विक्रेता तयार नसेल तर रिकाम्या हाताने घरी यावं.