उघडें दार आणि मौन

लंडन शहरांतील ट्रॅफल्गार चौकाच्या ईशान्य कोपऱ्यावर सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या नांवाचें एक चर्च आहे. नांवांतील शेतें केव्हांच नाहींशीं झालीं. आतां त्याच्या पायऱ्यांपाशीं बसगाड्यांचा घरघराट आणि नाना देशींच्या भाषांचा कलकलाट ऐकूं येतो. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही तेथें दुपारच्या पियानोवादनास गेलों असतांना एक लहानशी घटना घडली. घटना क्षुल्लक, परंतु तिनें आमच्या मनांत जो प्रश्न उभा केला तो अद्यापि खालीं बसलेला नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. चर्चची सध्यांची इमारत जेम्स गिब्ज या स्कॉटिश वास्तुविशारदानें आंखली व ती १७२६ सालीं पुरी झाली. चर्च अँग्लिकन पंथाचें, आणि गिब्ज कॅथलिक. म्हणजे परक्याचा हात या वास्तूस पायापासूनच लागलेला आहे. परंतु तिची आजची कीर्ति मुख्यतः डिक शेपर्ड या धर्मगुरूपासूनची. १९१४ सालीं तो येथें आला, आणि फ्रान्समधील रणभूमीवरून येणाऱ्या थकल्याभागल्या सैनिकांसाठीं त्यानें चर्चचीं दारें उघडीं ठेविलीं. सैनिकांमागून बेघर आले, आणि ते आले ते आलेच. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतां लोक याच चर्चच्या तळघरांत आसऱ्यास बसत. ६ जानेवारी १९२४ रोजीं बीबीसीनें चर्चमधील उपासना प्रथम ध्वनिक्षेपित केली तीही येथूनच. दाराशीं येण्याची ज्यांना शक्ति नव्हती त्यांच्यासाठीं दारच जणूं त्यांच्या घरीं गेलें. शेपर्डच्या वेळीं यावर पुष्कळांनीं नाकें मुरडलीं होतीं. प्रार्थना आरामखुर्चींत बसून, डोक्यावर टोपी ठेवून ऐकली जाईल, ही त्यांची धास्ती! १९६० सालीं पीटर बेनेन्सन नांवाचा वकील मनाच्या प्रक्षुब्ध स्थितींत याच चर्चमध्यें येऊन विचार करीत बसला होता. पुढल्या वर्षीं त्यानें अॅम्नेस्टी ही संस्था काढली. तो उपासनेस आला नव्हता. त्याला बसावयास जागा हवी होती, इतकेंच.

तेव्हां कोणीही यावें, कोणीं का यावें हें विचारूं नये, असा या घराचा परिपाठ आहे. आणि याच घरांत भर दुपारीं पियानो वाजतो.

पियानो आणि चर्च यांचें नातें तसें सरळ नव्हे. ज्या संताच्या नांवानें हें चर्च आहे तो टूर्सचा मार्टिन चौथ्या शतकांतील. तो रोमन सैन्यांत असतां अमिआँ नगरीच्या वेशीपाशीं थंडीनें कांकडणारा एक भिकारी त्यास दिसला. मार्टिननें तलवारीनें आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी आख्यायिका आहे. पुढें तो झगा फ्रँक राजांनीं पवित्र अवशेष म्हणून जपला. त्या झग्याच्या लॅटिन नांवावरून तो ठेवण्याची जागा ती 'चॅपल' झाली. आणि चॅपलमधील रीतीप्रमाणें, म्हणजे वाद्यांवांचून, गाणें त्यास 'आ काप्पेल्ला' म्हणूं लागले. अर्थात् या संताच्या झग्यानें संगीताला जें नांव दिलें तें वाद्य वर्ज्य करणारें! दहावा पायस या पोपनें तर १९०३ सालच्या आज्ञापत्रांत पियानोला कॅथलिक चर्चमध्यें स्पष्ट बंदी केली. अँग्लिकनांस ती आज्ञा लागू नव्हे. परंतु तिच्यामागील भावना समजण्यासारखी आहे. ऑर्गनचा स्वर किल्लीवरून बोट उचलीपर्यंत टिकतो. त्यास अंत नाहीं असा भास होतो. पियानोचा स्वर हातोडीच्या आघातानें जन्मतो आणि जन्मल्या क्षणापासून मरूं लागतो. शिवाय हें वाद्य दिवाणखान्यांतलें, लौकिक, माणसांच्या सुखदुःखांशीं लडबडलेलें.

आम्हांस वाटतें, म्हणूनच तें अशा चर्चमध्यें शोभतें. पण एक अडचण आहे. मरत जाणारा स्वर ऐकावयाचा तर सभोंवार मौन हवें. ऑर्गन खोकल्याला भीत नाहीं. पियानोला साध्या कुजबुजीचें भय असतें.

त्या दिवशीं शूबर्टचा बी-फ्लॅटमधील शेवटचा सोनाटा होता. तो १८२८ च्या सप्टेंबरांत पुरा झाला आणि नोव्हेंबरांत शूबर्ट एकतिसाव्या वर्षीं वारला. आरंभीं एक शांत, चालत्या पावलांची सुरावट येते. ती थोडी पुढें जाते न जाते तोंच अगदीं खालच्या स्वरांत, दुरून मेघ गडगडावा तसा एक मंद कंप येतो. आणि मग विराम. त्या विरामांत कांहीं वाजत नाहीं, परंतु साऱ्या सोनाट्याचें भवितव्य त्यांत सांठवलेलें असतें. बरोबर त्या विरामांत आमच्या पुढील बांकावरून घोरण्याचा आवाज आला.

एक मनुष्य बांकावर आडवा झाला होता. पायाशीं दोन फुगलेल्या पिशव्या, अंगावर एकावर एक चढविलेले कोट. बाहेर पाऊस होता. आम्हीं काय केलें? मान वळवून व्यवस्था पाहणारा कोणी दिसतो का तें पाहिलें. तसा एक गृहस्थ आला, क्षणभर त्या मनुष्याजवळ थांबला, खालीं घसरलेली एक पिशवी त्यानें सरळ करून ठेविली, आणि निघून गेला. घोरणें चालूच राहिलें.

आम्हांस राग आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि तो राग अगदींच अनाठायीं होता असें आजही वाटत नाहीं. वादकानें त्या एका विरामासाठीं किती वर्षें बोटें झिजविलीं असतील! दोनशें माणसें तेथें ऐकण्यासाठीं आलीं होतीं. एकाच्या झोंपेसाठीं दोनशेंच्या श्रवणाचा भंग व्हावा, यांत कोणता न्याय? बेघरांसाठीं मदतीची सोय आहे. घर सर्वांचें म्हणून प्रत्येक खोलींत प्रत्येकानें प्रत्येक गोष्ट करावी असें होत नाहीं. हा युक्तिवाद आम्ही सोनाट्याच्या दुसऱ्या भागापर्यंत मनांतल्या मनांत लढवीत होतों. परिणामीं तो भाग आम्हीं ऐकलाच नाहीं. घोरणाऱ्यानें जेवढें संगीत हिरावून नेलें त्याहून अधिक आमच्या न्यायबुद्धीनें नेलें.

मग दुसरी बाजू सुचूं लागली. श्रोत्यांनीं मूकपणें बसावें ही चाल युरोपांतही फार पुरातन नव्हे. अठराव्या शतकांत ऑपेरागृहांतून लोक बोलत, खात, पत्ते खेळत. निश्चल बसून ऐकणें ही बहुतांशीं एकोणिसाव्या शतकांतील सुशिक्षित मध्यमवर्गाची कमाई; म्हणजे आमच्यासारख्यांचीच. आणि तिच्याबरोबर एक अदृश्य कुंपणही आलें. दारावर 'सर्वांचें स्वागत' असें लिहिलें तरी आंत कसें बसावें हें ज्याला लहानपणापासून शिकविलें गेलें तोच निर्धास्त आंत येतो.

आपल्याकडील कीर्तन आठवा. मुलें रडतात, म्हाताऱ्या पेंगतात, कोणी मध्येंच उठून जातो; बुवा झोंपणाऱ्यावर एखादी कोटी करतात आणि त्याच्या झोंपेसकट कथा पुढें नेतात. मौनाचें कुंपण आपण घातलें नाहीं. मात्र यावरून छाती फुगविण्याचें कारण नाहीं. कारण आपण कुंपण दारालाच घातलें होतें. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर सर्व हिंदूंस मोकळें व्हावें म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यांत उपोषण करावें लागलें. आंत कितीही गोंगाट चालेल, पण आंत कोण येईल हें आम्ही ठरवूं, हा आपला न्याय. कोणीही आंत येवो, पण आंत गोंगाट नको, हा त्यांचा. इंग्रजांची दारेंही पूर्वीं इतकीं मोकळीं नव्हतींच. त्यांच्या पुष्कळ चर्चांतून बांकें भाड्यानें दिलीं जात आणि गरिबानें मागें उभें राहावें असा प्रघात होता.

तथापि मौन हें निव्वळ वर्गाचें कुंपण, असें म्हणून हात झटकणेंही आम्हांस पटत नाहीं. या चर्चच्या समोरच, चौकाच्या उत्तर बाजूस, नॅशनल गॅलरी आहे. १९३९ च्या ऑक्टोबरापासून १९४६ च्या एप्रिलपर्यंत मायरा हेस या पियानोवादिकेच्या पुढाकारानें तेथें दुपारच्या मैफली झाल्या, एकंदर १,६९८. चित्रें सुरक्षिततेसाठीं हलविलीं होतीं, भिंती रिकाम्या होत्या, प्रवेश एका शिलिंगाचा. कारकून, शिपाई, परिचारिका जेवणाच्या सुटींत येत. त्यांना तेथें मिळालें तें संगीत, आणि त्याच्याइतकेंच, बाँबच्या शहरांत मिळालेलें तासाभराचें मौन. तें मौन कोणीं काढून घेतलें असतें तर गरिबाचेंच अधिक नुकसान होतें. श्रीमंताला मौन घरीं विकत घेतां येतें.

म्हणून प्रश्न सुटत नाहीं. झोंप ही गरज खरी, विरामही खरा. त्या गृहस्थानें पिशवी सरळ केली आणि घोरणें तसेंच राहूं दिलें, तेव्हां त्यानें झोंपणाऱ्याला सर्वस्व दिलें आणि आम्हांस कांहींच दिलें नाहीं, असें नव्हे. मैफल थांबली नाहीं, कोणी उठून गेलें नाहीं, सोनाटा शेवटपर्यंत वाजला. फक्त तो अखंड राहिला नाहीं. मार्टिननेंही झगा अख्खा दिला नव्हता. अर्धा स्वतःच्या अंगावर ठेविला. अर्ध्या झग्यांत दोघांनाही थोडी थंडी वाजली असणार. फरक एवढाच कीं मार्टिननें स्वतःचा झगा कापला होता, आणि येथें कापला गेला तो आमचा, तोही आम्हांस न विचारतां. दुसऱ्याच्या वतीनें औदार्य करण्याचा अधिकार यजमानाला किती? यजमानाचें घर हें मान्य. पण पाहुण्याचा तासही त्याच्याच मालकीचा काय? यावर आम्हांस अद्याप समाधानकारक उत्तर सुचलेलें नाहीं. एवढें मात्र ठाऊक आहे कीं, विचारलें असतें तर आम्हीं नाहीं म्हटलें असतें.

वेदीमागील खिडकींतून त्या वेळीं करडा उजेड येत होता. जुनी रंगीत कांच युद्धांत फुटली. २००८ सालीं तेथें इराणांत जन्मलेल्या शिराझे हुशियारी या कलावतीनें योजिलेली बिनरंगी खिडकी बसविली. तिच्यांतील रेघा मध्यभागीं वांकतात, जणूं पाण्यावर तरंग उठावा, आणि त्या वांकण्यांतूनच क्रूस दिसतो. आम्ही तिच्याकडे पाहत बसलों होतों. टाळ्यांनीं तो मनुष्य जागा झाला, इकडे तिकडे पाहिलें, आणि पिशव्या उचलून आमच्या अगोदर बाहेर पडला. दाराशीं चर्चसाठीं वर्गणीची पेटी होती. आम्हीं खिशांत हात घातला, आणि नोट परत ठेवून सुटे पैसे मोजूं लागलों.