जुन्या यंत्राशीं इमान

फोर्ड कंपनीच्या १९२८ ते १९३१ सालांतील 'मॉडेल ए' मोटारीचा कार्बुरेटर झिजला, तर त्याजागीं कोणता बसवावा, हा प्रश्न वरवर कारागिराचा दिसतो. आम्हांस तो नीतीचाहि वाटतो. तिच्या मूळच्या झेनिथ कार्बुरेटरांतून हवा व पेट्रोल यांचें मिश्रण खालून वर चढतें. वरून खालीं मिश्रण सोडणारा नवा कार्बुरेटर इंजिनास अधिक हवा देतो. परंतु त्यासाठीं आंत जाणारी नळी, व कधीं पेट्रोलची सारी व्यवस्थाहि, बदलावी लागते.

कोणी म्हणेल, मोटार धांवण्यासाठींच आहे; चांगलें तें कां घेऊं नये? पण मग जुनीच मोटार कां बाळगावी? ४० अश्वशक्तीच्या त्या इंजिनांत आपण एका काळाची साक्ष जपतों. साक्षीदाराच्या तोंडीं नवे शब्द घालणें गैर होय. तथापि शुद्धतेच्या हट्टापायीं तिला गंजत ठेवणें हेंहि इमान नव्हे.

म्हणून त्याच जातीचा, दुरुस्त केलेला कार्बुरेटर घेणें उत्तम. तो न मिळाल्यास दुसरा असा बसवावा कीं पुढें काढतां येईल. जुना जपावा, आणि मोटार विकतांना केलेला बदल घेणारास न विचारतां सांगावा. एवढें पाळलें म्हणजे यंत्रहि चालतें व त्याची साक्षहि खरी राहते.