घरी सांगण्याआधीची खोली

नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. शिवसेना नेते आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या या उत्सवाला कल्याण-डोंबिवलीहूनही माणसं लोटतात. तरी त्या रेटारेटीत 'तू अमक्यांचा धाकटा ना?' असं विचारणारं कोणीतरी भेटतंच. या पट्ट्यात गर्दी मुबलक आहे, अनोळखीपण मात्र मिळत नाही. समलिंगी मुलामुलींची पहिली अडचण इथेच सुरू होते.

'कमिंग आउट', म्हणजे आपण समलिंगी असल्याचं उघड सांगणं, हा शब्द मराठी मुलंही वापरतात. पण एकमेकांना विचारताना प्रश्न येतो तो 'घरी सांगितलंस का?' इंग्रजी शब्द माणसाला बाहेर काढतो, मराठी प्रश्न त्याला घरात नेऊन उभा करतो. आणि घर म्हणजे दोन खोल्यांचा ब्लॉक, फोनवर हळू बोलायला फक्त गॅलरी, पंचविशीनंतर सांगून येणारी स्थळं. तिथे पहिलं वाक्य उच्चारायचं, तर ते आधी कुठेतरी बोलून बघावं लागतं.

अशी जागा मुंबईत हळूहळू तयार झाली. अशोक राव कवी यांनी १९८६ साली मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. १९९० मध्ये त्यांनी समलिंगींसाठी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं आणि १९९४ मध्ये त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. ट्रस्टला सांताक्रूझजवळच्या वाकोल्यात जागा मिळाली ती मुंबई महापालिकेच्या जुन्या इमारतीत. एकीकडे कलम ३७७ या माणसांना गुन्हेगार ठरवत होतं आणि दुसरीकडे पालिका त्यांना छप्पर देत होती! त्यामागे एचआयव्हीची धास्ती होती, हेही खरं. दार भीतीने उघडलं, पण आत गप्पा सुरू झाल्या त्या एकटेपणाच्या, बहिणीच्या लग्नाच्या, आईच्या रक्तदाबाच्या.

हमसफरसारख्या केंद्राचं मोठेपण ते मुलाला घरी सांगायला लावतं यात नाही. उलट तिथला अनुभवी माणूस विचारतो, पगार सुरू झाला का? बाहेर काढलं तर कोणाकडे राहशील? 'इतक्यात नको' हाही सल्लाच असतो. धैर्याच्या कथा लिहिणाऱ्यांना तो मिळमिळीत वाटेल, पण ज्याला रात्री त्याच घरात झोपायचं आहे त्याला तो कळतो.

ठाण्याहून वाकोला म्हणजे दादरला गाडी बदलून सांताक्रूझ, पुढे रिक्षा. हे अंतर मुलाला आडोसा देतं, कारण गल्लीतलं कोणी दिसत नाही. मुलीला मात्र संध्याकाळच्या तीन तासांचा हिशेब द्यावा लागतो. १९९५ मध्ये स्त्री संगम या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे लेबिया झालेल्या गटासारखे समलिंगी स्त्रियांचे वेगळे गट त्यामुळेही लागतात.

आणि आईवडील? २०१५ मध्ये पद्मा अय्यर यांनी आपला समलिंगी मुलगा हरीश याच्यासाठी वर हवा अशी जाहिरात दिली. काही वृत्तपत्रांनी ती नाकारली, 'मिड-डे'ने छापली. तिच्यात जातीची अट नव्हती, तरी अय्यर असल्यास प्राधान्य होतं. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण स्थळ बघणाऱ्या आईचं मन त्यात जसंच्या तसं उतरलं होतं. २०१७ मध्ये पालकांचाच 'स्वीकार' हा गट सुरू झाला. डॉक्टरचं 'हा आजार नाही' हे वाक्य पालकांना पुरत नाही. त्यांना दुसऱ्या आईला विचारायचं असतं, 'तुम्ही सासरी काय सांगितलंत?'

कायदा बराच पुढे आला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मात्र नाकारला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समलिंगी व्यक्तीला 'बदलण्याचे' उपचार हे गैरवर्तन ठरवलं. ठाण्याची जमीनही अगदीच कोरडी नाही, डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून या शहराला मनाच्या दुखण्यावर बोलायला शिकवते आहे.

आता हवी आहे ती टेंभी नाक्यापासून रिक्षाने जाता येईल अशी एक साधी खोली. दुपारी चारची वेळ, ठरलेला वार, मराठीत बोलणारं कोणी. दारावर मोठी पाटी नको, म्हणजे डोंबिवलीहून आलेली आई भाजीची पिशवी घेऊन सहज आत शिरेल.