निमखारे पाणी आणि पाळणाऱ्याचे कर्तव्य

हौसेने प्राणी पाळणाऱ्याचे त्या प्राण्याविषयी कर्तव्य काय, हा प्रश्न कुत्र्यामांजरांच्या बाबतीत फारसा अवघड पडत नाही. उपाशी कुत्रे केकाटते, आणि मांजर तर नावडते घर सोडून खुशाल चालते होते. माशास यांपैकी काहीच साधत नाही. त्यातही नदीचे गोडे पाणी व समुद्राचे खारे पाणी जेथे एकमेकांत मिसळते, त्या खाडीतील मासे काचपेटीत ठेवू पाहणाऱ्यापुढे हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो, असे आम्हांस वाटते.

गोड्या पाण्यातील माशाच्या अंगातील रस भोवतालच्या पाण्याहून अधिक खारट असल्यामुळे बाहेरचे पाणी त्याच्या शरीरात एकसारखे शिरत असते, व ते त्यास पातळ मूत्ररूपाने टाकावे लागते. समुद्रातील माशाची स्थिती उलट. त्याच्या अंगातले पाणी बाहेर झिरपते. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खाडीतल्या माशास हे दोन्ही संसार करता यावे लागतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत हे प्रमाण दर भरतीओहोटीस बदलते, आणि पावसाळ्यात तर पार खाली येते. आमच्या कोकणातील चिखलावर उड्या मारणारी निवटी, केरळात करिमीन म्हणून नावाजलेला मासा, तोंडातून पाण्याची चिळकांडी मारून पानावरचा किडा खाली पाडणारा तो अचूक नेमबाज, ही सारी याच अस्थिर पाण्याची प्रजा होय.

आता या सामर्थ्याचा बाजारात काय उपयोग केला जातो पाहा. काळ्या ठिपक्यांचा हिरवा केंड लहानपणी मोठा गोजिरवाणा दिसतो. पुष्कळ दुकानांत तो गोड्या पाण्यात ठेवलेला असतो व गोड्या पाण्यातला म्हणूनच विकला जातो. तो लगेच मरत नाही. काही महिने खातो, पितो, मुलांकडे डोळे वटारून पाहतो. पुढे वाढत्या वयाबरोबर त्यास खारेपणाची गरज लागते, ती भागत नाही, आणि तो झुरू लागतो. मालकास वाटते, माशाचे आयुष्यच तेवढे!

यावर असा आक्षेप येईल की, खाडीचे पाणीही कधी कधी गोडेच असते, मग पेटीतल्या गोड्या पाण्याने काय बिघडले? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु खाडीतले गोडे पाणी पुढच्या भरतीबरोबर बदलते, आणि न बदलले तर मासा खाली मुखाकडे पोहत जातो. पेटीत भरतीही नाही व जाण्यास जागाही नाही. जे थोडा वेळ सोसता येते ते जन्मभर लादण्यास कोणतीच परवानगी मिळत नाही. निमूटपणे सोसणाऱ्याचे सारे ठीक चालले आहे असे गृहीत धरण्याची खोड आमच्या घराघरांतून माणसांच्या बाबतीतही आहे, म्हणून माशाच्या बाबतीत ती कोणास खटकत नसावी.

अज्ञान हा बचाव येथे फार दुबळा आहे. कारण लागणारे ज्ञान अल्प आहे. पाण्याचे विशिष्टगुरुत्व मोजण्याचे स्वस्त साधन मिळते. अशा बहुतेक माशांना ते १.००५ ते १.०१५ च्या दरम्यान मानवते. स्वयंपाकघरातले मीठ त्यास चालत नाही, कारण समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादीही असतात. त्यासाठी तयार सागरी मीठ आणावे आणि खारेपणा हळूहळू वाढवावा.

खरी अडचण जागेची. रुपयाएवढा दिसणारा ठिपकेदार स्कॅट वाढून फूटभर होतो, व त्यास सोबत्यांचा कळप आवडतो. दिवाणखान्यातील दोन फुटी पेटीत त्यास ठेवणाऱ्याने पाण्याचे गणित कितीही अचूक सांभाळले तरी त्याची हौस आम्हांस निर्दोष म्हणता येत नाही. आणि मासा मोठा झाला म्हणून त्यास जवळच्या तळ्यात सोडून देणारे जे दयाळू गृहस्थ आढळतात, ते त्यास पुन्हा त्याच गोड्या पाण्यात नेऊन टाकतात. शिवाय परक्या माशाचा उपद्रव तळ्यातील मूळच्या रहिवाशांस होतो तो निराळाच.