वाळा की बेडी?

माऊली, आमच्या खांडबाऱ्यात एका तरुण माळकऱ्याने मला आशंका विचारली. पाणथळीवर पाखरे जाळ्यात धरतात, पायात धातूचे कडे घालतात आणि सोडून देतात. भूतमात्रात देव पाहणाऱ्याने याला दया म्हणावे की हिंसा? कीर्तन थांबले, तरी आशंका आली की समाधान सांगावेच लागते.

आधी व्यवहार पाहा. १८९९ साली डेन्मार्कात मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने पाखरांना क्रमांकाची कडी घालण्याची आजची रीत सुरू केली. आपल्या देशात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली धार संस्थानात हे काम आरंभले. कड्यावर क्रमांक आणि संस्थेचे नाव. पाखरू दुसरीकडे सापडले की त्याची वाट उमगते. उन्हाळ्यात हे काम भल्या पहाटे करायचे. ऊन चढले की जाळी आवरायची, नाहीतर पाखरू दगावते.

ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उन्हाळाभर असतात आणि पावसाच्या तोंडी, आपल्या दिंड्या निघण्याच्या सुमारास, गुजरातकडे परततात. २०२२ साली त्यांतल्या काहींच्या अंगावर याच संस्थेने ठावठिकाणा कळवणारी यंत्रे बसवली. भरतीने चिखल बुडाला की ही पाखरे नवी मुंबईच्या तळ्यांवर जाऊन उभी राहतात. ती तळी बुजवली तर त्यांनी उभे कुठे राहायचे? मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित एका रात्रीत मेले. त्यांच्या वाटा ठाऊक असणे किती गरजेचे आहे, ते यावरून समजावे.

कोणी म्हणेल, आपणही गळ्यात माळ घालतोच की! हा दृष्टांत मला पटत नाही. माळ आपण मागून घेतो. पाखराला कोणी विचारले? मुठीत त्याचे काळीज धडधडते ते दुःख खरे आहे, आणि पुढच्या हजार पाखरांचे हित झाले म्हणून ते पुसले जात नाही.

मग हे काम करूच नये का? करावे, पण ऋण काढल्यासारखे करावे. कड्यावरचा क्रमांक ही वहीतली नोंद समजा. ऋणको आपण, धनको ते पाखरू. तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली. आपल्या देण्याची खते तशी बुडवता येत नाहीत. पाणथळ राखली तर तो वाळा. माहिती घेऊन तळे बुजू दिले, तर ती बेडीच. मग धरणाऱ्याचा हात कितीही हळुवार असो.

वारीच्या वाटेवर किंवा पैठणला नाथसागराच्या काठी कडे घातलेले मेलेले पाखरू दिसले, तर क्रमांक, तारीख आणि गाव लिहून त्या संस्थेला कळवा. जिवंत पाखराच्या पायातले कडे मात्र ओढून काढू नका; नाजूक पाय मोडतो.